वाइंडरवर ठेवूनही ऑटोमॅटिक घड्याळ बंद पडतं? कितव्या दिवशी पडतं, ते आधी बघा

ओळखीतल्या कुणाकडे ऑटोमॅटिक घड्याळं (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी) दोनाची चार झाली की घरात वाइंडर येतो, म्हणजे न घातलेलं घड्याळ फिरवत ठेवून त्याला चावी देणारी विजेवरची पेटी, आणि वाइंडर आला की काही आठवड्यांत ठरलेला फोन येतो: "अहो, ते फिरतंय तर चांगलं, पण घड्याळ बंद!" तोपर्यंत एकतर वाइंडर परत पाठवायची तयारी झालेली असते, नाहीतर घड्याळ दुरुस्तीला गेलेलं असतं. बहुतेक वेळा दोन्ही धडधाकट असतात, सेटिंग चुकलेलं असतं. दोष कुठे आहे ते घरबसल्या ओळखता येतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक तपासण्या फुकट आहेत.

लक्षणं

सगळ्यात उपयोगी लक्षण म्हणजे घड्याळ थांबायला किती वेळ लागला. हाताने पूर्ण चावी दिलेलं साधारण ऑटोमॅटिक घड्याळ नुसतं ठेवलं तर ४० तासांच्या आसपास चालतं. हा त्याचा साठा.

वाइंडरवर असूनही ते दीड-दोन दिवसांतच थांबलं, तर वाइंडरकडून त्याला जवळजवळ काहीच मिळालेलं नाही. टेबलावर ठेवलं असतं तरी इतकंच चाललं असतं.

तीन दिवस व्यवस्थित चाललं आणि चौथ्या दिवशी थांबलं, तर अर्धवट भरपाई होते आहे. हिशोब सोपा आहे. घड्याळ रोज २४ तासांची ऊर्जा खर्च करतं. वाइंडर १२ तासांपुरतीच भरत असेल तर रोज १२ तासांची तूट. ४० तासांचा साठा तीन दिवस आणि वर थोडे तास पुरतो, मग संपतो. हे लक्षण दिसलं की मी आधी दिशेचं बटण बघतो. का, ते पुढे येईल.

कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने, काही नेमच नाही, असं असेल तर वीज, घड्याळ ज्यावर अडकवतात ती उशी सैल असणं किंवा वाइंडरच्या आतला रबरी पट्टा, या तिघांपैकी कुणीतरी.

घड्याळ थांबत नाही पण रोज काही मिनिटं पुढे जातं, हा वेगळाच रोग. त्याचा वाइंडरच्या फेऱ्यांशी संबंध नाही. तो शेवटाकडे बघू.

आधी हे बघा: घड्याळ वाइंडरवर ठेवण्याजोगं आहे का?

हसू नका, हे वारंवार होतं. एचएमटीची जुनी घड्याळं हल्ली पुन्हा हातावर दिसायला लागली आहेत. त्यांतली जनता, पायलट, सोना ही चावीची घड्याळं. त्यांच्यात रोटरच (आतलं फिरून चावी देणारं वजन) नाही, त्यामुळे वाइंडरवर महिनाभर फिरवली तरी स्प्रिंगला एक पीळ बसणार नाही. कांचन आणि रजत ही ऑटोमॅटिक. पण जुन्या एचएमटीच्या नावाखाली बाजारात जोडतोड केलेला मालही भरपूर आहे, तेव्हा तबकडीवर काय छापलंय यावर विसंबू नका. घड्याळ कानाशी धरून हळूच हलवा. आत काहीतरी जड, गरगर फिरल्यासारखं जाणवलं तर रोटर आहे.

बॅटरीवरच्या किंवा उजेडावर चालणाऱ्या घड्याळाला वाइंडरचा काही उपयोग नाही.

वीज

वाइंडर कपाटात, त्याची वायर दाराच्या फटीतून, आणि प्लग अशा बोर्डात ज्याचं बटण घरातलं कुणीतरी झोपताना सवयीने बंद करतं. असं निघालं तर तपास इथेच संपतो. बटणावर कागदाची चिठ्ठी चिकटवा.

लोडशेडिंगच्या भागात आणखी एक भानगड असते. काही वाइंडर वीज गेली की सेटिंग विसरतात आणि परत आल्यावर कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर सुरू होतात. काही तर बटण दाबेपर्यंत सुरूच होत नाहीत. तुमचा कोणत्या जातीचा आहे हे बघायला प्लग काढा, पाच मिनिटांनी लावा आणि पॅनेलवरची सेटिंग आधीसारखीच आहे का ते पाहा.

अडॅप्टर हरवला म्हणून ड्रॉवरमधला दुसरा लावला असेल तर त्यावर छापलेले व्होल्ट वाइंडरच्या खालच्या लेबलशी जुळवा. ५ व्होल्टच्या वाइंडरला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर सर्किट जळू शकतं. उलट केलं तर तो रखडत फिरतो किंवा फिरतच नाही. पिनेचा आकार जुळला म्हणजे व्होल्ट आणि धन-ऋण जुळले असं नाही.

पूर्ण चावी देऊन ठेवलं होतं का?

वाइंडरचं काम रोजचा खर्च भरून काढायचं आहे. रिकाम्या स्प्रिंगवर घड्याळ चढवलं तर चार फेऱ्यांत ते टिकटिकायला लागतं आणि आपल्याला वाटतं झालं काम. पण साठा तळाशीच राहतो. रोज जेवढं येतं तेवढंच जातं, शिल्लक काही पडत नाही. मग अर्धा दिवस वीज गेली की घड्याळ बंद.

म्हणून चढवण्याआधी हाताने चावी द्या. क्राउन (चावी द्यायची बाजूची खुंटी) आट्यांचा असेल तर आधी मोकळा करा, मग बाहेर न ओढता तीस-चाळीस वेळा पुढे फिरवा. ऑटोमॅटिकमध्ये चावी भरली की अडकल्यासारखं लागत नाही, कारण भरलेली स्प्रिंग डबीच्या आतल्या भिंतीवर घसरते. ती घसरायचीच व्यवस्था असते, त्यामुळे जास्त चावी बसून स्प्रिंग तुटेल ही भीती नको.

सेको ५ च्या २०१९ पूर्वीच्या बऱ्याच मॉडेलांत ७एस२६ हे यंत्र आहे, त्याला हाताने चावी देताच येत नाही. ते आडवं धरून अर्धवर्तुळात, या बाजूने त्या बाजूला, अर्धा मिनिट हळूवार झुलवायचं. अर्ध्या मिनिटाने ते फक्त सुरू होतं, भरत नाही. एक दिवस हातावर घाला आणि मग वाइंडरवर ठेवा.

तारीख लावताना एक पथ्य. बंद पडलेल्या घड्याळात अकरा वाजलेत ते दिवसाचे की रात्रीचे, हे काट्यांवरून कळत नाही. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, तेव्हा घाईने तारीख फिरवली तर दाता मोडू शकतो. आधी काटे खाली सहावर आणा, मग तारीख लावा.

उशी आणि कोन

रोटर फिरतो तो गुरुत्वाकर्षणाने. घड्याळाची पेटी फिरते, जड रोटर खाली लोंबकळत राहतो, आणि दोघांतल्या या फरकातून स्प्रिंगला पीळ बसतो. घड्याळ तबकडी आकाशाकडे करून सपाट फिरवलं तर रोटरला "खाली" अशी दिशाच उरत नाही. तो पेटीबरोबरच फिरतो आणि चावी बसत नाही. वाइंडरमधलं घड्याळ उभं किंवा बऱ्यापैकी तिरकं हवं, ते यासाठी. झाकण लागावं किंवा काचेतून छान दिसावं म्हणून वाइंडरच पाठीवर झोपवून ठेवलेला मी पाहिला आहे. घड्याळ बरोब्बर चाळीस तासांनी थांबत होतं.

दुसरं म्हणजे उशी. बऱ्याच उश्या जाड मनगटांसाठी बनवलेल्या असतात. आपल्याकडची बारीक मनगटाची मंडळी पट्ट्याच्या कड्या काढून घेतात, मग तो पट्टा उशीवर बसतच नाही. लोक उशी दाबून कोंबतात, ती वाइंडरच्या खोबणीत पूर्ण आत जात नाही आणि फिरताना काच झाकणाला घासते. उलट पट्टा सैल असेल तर घड्याळ उशीवर घसरतं, उशी फिरते आणि घड्याळ जागच्या जागी डुलत राहतं. बोटाने हलवून बघा. सैल असेल तर उशीला मऊ सुती कापडाची एक घडी गुंडाळा. घट्ट असेल तर आत स्प्रिंग असलेली, दबणारी छोटी उशी वेगळी मिळते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात या उश्यांवरचं नकली चामडं सुटायला लागतं आणि त्याचे काळे कण पट्ट्याच्या सांध्यांत जातात. खरं चामडं असेल तर बुरशी. मी सरळ सुती किंवा मखमली आवरणाच्या उश्या घ्यायला सांगतो, दिसायला साध्या असल्या तरी.

टेबलावरची चाचणी

इथवर काही सापडलं नाही तर घड्याळ आणि वाइंडर वेगळे करा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि लोक हीच टाळतात, कारण दोन दिवस थांबावं लागतं.

घड्याळाला पूर्ण चावी द्या, तबकडी वर करून टेबलावर ठेवा, वेळ लिहून ठेवा आणि हात लावू नका. किती तासांनी थांबतं ते बघा. तुमच्या घड्याळाचं यंत्र कोणतं यावर अपेक्षा ठरते: सेकोचं एनएच३५ किंवा ४आर३६ असेल तर ४१ तासांच्या आसपास, ईटीए २८२४-२ असेल तर ३८ च्या आसपास, पॉवरमॅटिक ८० असेल तर नावातच आहे. अपेक्षेपेक्षा दोन-तीन तास कमी भरले तर काळजी नको. पण ४१ च्या जागी वीस-बावीस तास आले तर वाइंडरला दोष देणं थांबवा. आतलं तेल सुकलं आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. जगातला कोणताही वाइंडर ते बरं करणार नाही. उलट, वाइंडर असं घड्याळ कसंबसं चालू ठेवून दुखणं लपवतो आणि तेलाशिवाय चाकं झिजत राहतात.

टेबलावर तास पूर्ण भरले तर घड्याळ निर्दोष. आता तेच पूर्ण चावी देऊन वाइंडरवर चढवा आणि सुरुवातीला सांगितलेला हिशोब लावा: टेबलाइतकंच चाललं की भरपाई शून्य, दुप्पट चाललं की निम्मी.

दिशा

काही यंत्रं रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी चावी घेतात. सेकोची बहुतेक आणि ईटीए २८२४-२ त्यातली. काही फक्त एकाच बाजूने घेतात, दुसरीकडे रोटर नुसता मोकळा फिरतो. मियोटा ८२१५, मियोटा ९०१५ आणि क्रोनोग्राफमध्ये (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांत) सर्रास सापडणारं ईटीए ७७५० ही एकमार्गी. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या कितीतरी ब्रँडच्या घड्याळांत मियोटाच असतं, त्यामुळे हा घोळ फार पसरलेला आहे.

वाइंडर कारखान्यातून बहुधा "दोन्ही बाजू" या सेटिंगवर येतो. एकमार्गी घड्याळ त्यावर ठेवलं की निम्मे फेरे वाया. रोजच्या ७०० फेऱ्यांतले ३५० च कामाचे, आणि घड्याळ चौथ्या दिवशी बंद. आणि दिशा एकच ठेवली पण नेमकी उलटी, तर दुसऱ्याच दिवशी.

तुमचं यंत्र कोणत्या बाजूने चावी घेतं? मागची काच पारदर्शक असेल तर घड्याळ उभं धरून सावकाश आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवा. एकीकडे रोटर सुळकन घरंगळतो, दुसरीकडे जरा अडत, रेटत जातो. अडत जातो ती चावीची बाजू. यंत्राच्या माहितीपत्रकात रोटरची दिशा मागून पाहून दिलेली असते आणि वाइंडरची आपण समोरून बघतो, म्हणून लोक गोंधळतात. पण पेटी समोरून उजवीकडे फिरली की लोंबकळणारा रोटर तिच्या मानाने डावीकडे जातो, आणि मागून पाहिलं की तेच पुन्हा उजवीकडे दिसतं. दोन उलटांचं एक सुलट. म्हणजे माहितीपत्रकातली दिशाच वाइंडरवर लावायची.

मागची काच नसेल तर एका दिशेला तीन दिवस, मग पुन्हा चावी देऊन दुसऱ्या दिशेला तीन दिवस. घड्याळ स्वतःच सांगेल.

फेरे खरंच तितके होतात का?

बहुतेक घड्याळांना दिवसाला ६५० ते ८०० फेरे पुरतात. खोक्यावर लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष फेरे यांत तफावत असू शकते, विशेषतः बिननावाच्या वाइंडरमध्ये. उशीवर कडेला पांढरी चिकटपट्टी लावा, समोर मोबाइल ठेवून दोन तासांचा साधा व्हिडिओ घ्या, पट्टी किती वेळा वर आली ते मोजा आणि बाराने गुणा. उदाहरणार्थ, दर ४० मिनिटांत २ मिनिटं, मिनिटाला १० च्या गतीने फिरत असेल तर एका पाळीत २० फेरे, दिवसात ३६ पाळ्या, एकूण ७२०. हे ठीक. मात्र काही वाइंडर दिवसाचे १२ तास काम करून उरलेले १२ तास झोपतात, तेव्हा मोजणी कोणत्या वेळेला केली हेही बघा.

कमी असतील तर एक पायरी वाढवा. सरळ सगळ्यात वरच्या आकड्यावर नेऊ नका. मिनिटाला १० च्याच गतीने न थांबता फिरणारा वाइंडर दिवसाला १४,४०० फेरे देतो, गरजेच्या वीसपट. स्प्रिंग घसरत राहते म्हणून लगेच काही मोडत नाही, पण रोटरचं बेअरिंग आणि चावी देणारी चाकं विनाकारण झिजतात.

वेळ पुढे जात असेल तर

दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे होणं यांत्रिक घड्याळाचा स्वभाव आहे. अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं तर चुंबकाचा संशय घ्या. बॅलन्सची (घड्याळाची चाल ठरवणाऱ्या डुलत्या चाकाची) केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. शाळेच्या कंपासपेटीतलं नव्हे, दिशा दाखवणारं साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या. सुई ओढली जाते किंवा थरथरते का ते बघा. वाइंडरच्या मोटरपेक्षा स्पीकर, टॅब्लेटचं चुंबकी कव्हर आणि बॅगेचं चुंबकी बटण हे नेहमीचे गुन्हेगार. चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, पण एका घड्याळासाठी ते विकत घेण्यापेक्षा दुरुस्तीवाल्याकडे दोन मिनिटांत काम होतं.

वाइंडर उघडणं

उशी रिकामी असताना फिरते आणि जड घड्याळ ठेवलं की अडते किंवा झटके देते, तर आतला रबरी पट्टा सैल झाला आहे. हमी संपली असेल आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरायची सवय असेल तर प्लग काढून मागचं झाकण उघडा. पट्टा जुन्या टेपरेकॉर्डरच्या पट्ट्यासारखाच असतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मापाचा मिळून जातो. जुना बरोबर न्या. मोटर बदलायच्या फंदात मात्र शक्यतो पडू नका. गती जुळली नाही तर फेऱ्यांचा सगळा हिशोब बिघडतो. अडॅप्टर तर अजिबात उघडायचा नाही, त्यात घरचा २३० व्होल्टचा प्रवाह असतो. बिघडला की नवा घ्यायचा.

इथे थांबा

घड्याळाची मागची बाजू घरी उघडू नका, कितीही व्हिडिओ पाहिले असले तरी. पुढचं काही दिसलं तर तपासण्या तिथेच सोडून चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे जा.

हाताने चावी देताना रोटर पंख्यासारखा गरगर फिरला, तर चावी देणं त्याच क्षणी बंद करा. चावी देणारी उलटसुलट चाकं कोरडी पडून अडकली आहेत. ईटीए २८२४-२ मध्ये हे पुष्कळदा दिसतं, आणि रेटत राहिलात तर दाते जातात. हलवल्यावर खरखर किंवा धातूवर धातू घासल्याचा आवाज आला तर रोटर सैल झालेला असू शकतो. काचेच्या आतून वाफ दिसली तर दिवसाचाही उशीर करू नका, गंज फार वेगाने पसरतो. आणि टेबलावरच्या चाचणीत निम्मेच तास आले तर सर्व्हिसिंगची वेळ झाली आहे.

दुरुस्तीवाल्याला "वाइंडरवर बंद पडतं" एवढंच सांगू नका. टेबलावर किती तास चाललं, वाइंडरवर किती, दिशा कोणती होती, हे लिहून द्या. त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही. यंत्र ७एस२६ किंवा एनएच३५ असेल तर सर्व्हिसिंगपेक्षा अख्खं नवं यंत्र बसवणं बहुतेकदा स्वस्त पडतं. दोन्ही दर विचारा. जुन्या एचएमटीला मात्र हा न्याय लावू नका, तिथे मूळ यंत्र जपण्यातच अर्थ आहे.

वाइंडर बदलायचाच असेल तर

आधी एक प्रश्न: गरज आहे का? तारीख-वार दाखवणारं एक घड्याळ आठवड्यातून दोनदा वापरत असाल तर हाताने चावी देऊन वेळ लावायला दोन मिनिटं लागतात. लीप वर्षांचा हिशोब ठेवणारं कॅलेंडर किंवा चंद्रकला असलेलं घड्याळ असेल, ज्याची मांडणी बिघडली की जुळवताना जीव जातो, तिथे वाइंडरचे पैसे वसूल होतात.

घ्यायचाच तर प्रत्येक उशीला दिशा आणि फेरे वेगवेगळे लावता यायला हवेत. चार घड्याळांचा वाइंडर आणि चौघांना एकच बटण, असली वस्तू चारही घड्याळं एकाच यंत्राची असतील तरच चालते. वीज गेल्यावर सेटिंग लक्षात राहते का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. अडॅप्टर बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचा हवा. लाकडी पॉलिश, आतला निळा दिवा, कुलूप यांवर जाणारे पैसे मी मोटरवर घालीन. रात्री शांत खोलीत त्याचा आवाज येतो का हे दुकानात कधीच कळत नाही.

घरी आल्यावर घड्याळ लगेच चढवू नका. रिकाम्या उशीला पट्टी लावून फेरे मोजा, प्लग काढून सेटिंग टिकते का बघा, एक रात्र उशाशी ठेवून आवाज ऐका, आणि मग पूर्ण चावी दिलेलं घड्याळ सलग पाच दिवस चालवा. हे सगळं परत करायची मुदत संपायच्या आत करा, आणि तोवर खोकं आणि थर्माकोल फेकू नका.